तुटलेल्या कोयत्यातला काळा डाग

डिसेंबरातल्या एका दुपारी ऊसतोडीच्या टोळीतल्या एक ताई भट्टीवर आल्या. फडक्यात गुंडाळलेले कोयत्याचे दोन तुकडे त्यांनी ऐरणीवर ठेवले. शिक्का माझाच, नेऊन अकरा दिवस झालेले. दुकानाच्या पाटीवर मी स्वतःच्या हाताने रंगवलंय, 'एक हंगाम गॅरंटी'. तरी तुकडे हातात न घेताच मी म्हणालो, "दगडावर घातलाय ताई तुम्ही. त्याला गॅरंटी नसते."

त्या बीडकडच्या. म्हणाल्या, "दादा, ऊस काय हवेत उगवतोय का? बुडातून तोडा म्हणून कारखान्याचा चिटबॉय डोक्यावर उभा. खडा लागणारच की."

मी नवा कोयता निम्म्या किमतीत दिला आणि फार उदार झाल्यासारखं वाटून घेतलं. 225 रुपये त्यांनी दोनदा मोजून दिले.

त्यांचं म्हणणं अक्षर अन् अक्षर खरं होतं. उसाच्या खालच्या पेरांत साखर सगळ्यात जास्त, म्हणून कारखान्याला ऊस जमिनीलगत तोडलेला हवा. खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून पुन्हा येणारा ऊस, चांगला फुटायलाही बुडखा वर राहून चालत नाही. म्हणजे कोयत्याचा घाव रोज मातीत जाणार, खडे लागणार. ज्या कामासाठी मी हे हत्यार विकतो त्या कामातच दगड आहे. मग 'दगडावर घातला' हे गॅरंटी नाकारायचं कारण कसं होईल? टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. हत्यार मोडलं की त्या जोडीची त्या दिवसाची तोडणी थांबते.

संध्याकाळी भट्टी विझवताना तुकडे सहज उजेडात धरले. तुटलेली बाजू राखाडी, बारीक रव्याची, चमकणारी. पण धारेकडच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा डाग होता, काळसर निळा. पोटात खड्डा पडला. दोन-तीनदा पुसून पाहिला, गेला नाही.

हा डाग काय सांगतो ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला कळतं. आमचा कोयता ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा. पातं लाल तापवायचं, चुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं, साधारण 850 अंशांपर्यंत, आणि मग तेलात बुडवायचं. हे पाणी देणं. त्यानंतर पातं काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं, म्हणून परत हलकं तापवून कडकपणा उतरवायचा. आयटीआयला याला टेंपरिंग शिकवलं. तापवताना पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि 300 अंशांच्या आसपास निळा. हे रंग हवा लागलेल्या पृष्ठभागावरच येतात. तुटलेल्या भागाच्या आत असा रंग दिसला, तर टेंपरिंगच्या वेळी तिथे चीर उघडी होती. कोयता फडात तुटला, पण तडा माझ्या भट्टीत गेला होता.

कारणही मला माहीत होतं. हंगामाच्या तोंडाला मोठी मागणी आली, तेल संपलं होतं, आणि 38 पाती मी साध्या पाण्यात विझवली. या जातीच्या पोलादाला पाणी फार झपाट्याने थंड करतं, पातळ धारेकडे तडे जातात. हे मी शिकलो होतो. तरी केलं, कारण मुकादम गाडी घेऊन दारात उभा होता.

आजोबांच्या काळी हा वाद असा उभा राहत नसे. त्यांना खळ्यावर बलुतं मिळायचं, वर्षभर गावाची अवजारं धड ठेवायची. कोयता मोडला तर तो शेतकऱ्याने आणून टाकायचा आणि यांनी पुन्हा घडवायचा. मला त्या पद्धतीचं कौतुक सांगायचं नाही. आजोबांना भाव वाढवता येत नव्हता, नाही म्हणता येत नव्हतं, आणि दुष्काळी वर्षी पायली-दोन पायलीवर भागवावं लागे. पण मोडलेलं हत्यार ते आधी हातात घ्यायचे, मग बोलायचे. मी उलटं केलं.

दुसऱ्या दिवशी टोळीच्या खोप्यांवर जाऊन ताईंचे पैसे परत दिले. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, पण सकाळी फडात आणि रात्री गाडी भरायला असलेली बाई तारखा कुठे करणार? तिच्यापुरता आयोग मीच होतो.

मग त्या 38 मधली जितकी मिळाली तितकी पाती गोळा केली. चीर डोळ्याला दिसत नाही. पातं तासभर डिझेलमध्ये ठेवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. चिरेत शिरलेलं डिझेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. सहा पात्यांवर रेघ आली. सगळी मोडीत काढली.

याचा अर्थ तुटलेला प्रत्येक कोयता बदलून देईन असा नाही. पुण्याच्या एका गृहस्थांनी फार्महाऊससाठी नेलेल्या कोयत्याने लाकडी खोकं उचकटलं. टोक आधी वाकलं, मग तुटलं. आतली बाजू सगळी स्वच्छ, डाग नाही, रवा बारीक. ते बरंच रागावले, पण मी नाही म्हणालो. कोयता पहारीचं काम करत नाही. तुटलेली बाजू साखरेसारखी जाड, चकाकत्या रव्याची असती तर पातं जास्त तापवल्याचा दोष माझा ठरला असता. आणि धार नुसती वळली असेल तर घेऊन या, कानस मारून सरळ करून देतो, पैसे नाहीत.

एक विनंती मात्र आहे. मोडलं की दोन्ही तुकडे जपून ठेवा, टोक टाकून देऊ नका, तुटलेल्या बाजूला लगेच तेल लावून कागदात गुंडाळा. दोन दिवसांत ताज्या तुटीवरही गंज चढतो, आणि मग डाग भट्टीतला की नंतरचा हे मलाही सांगता येत नाही.

पाण्यात विझवलेल्यांपैकी तीन कोयते अजून परत आलेले नाहीत. त्यांच्यावर शिक्क्याखाली दोन टिंबं आहेत. असा कोयता तुमच्याकडे किंवा तुमच्या फडावरच्या टोळीत कुणाकडे असेल, तर धार कितीही चांगली लागत असली तरी तो वापरू नका. घाव घालताना पातं उडून पायावर येऊ शकतं. मला आणून द्या, नवा घेऊन जा. पावती लागणार नाही.