वैद्यक परिषदेत तक्रार करण्याआधी केस पेपर हातात घ्या

डॉक्टरांनी उपचारात हयगय केली असं वाटलं की लोक महाराष्ट्र वैद्यक परिषदेला, म्हणजे ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेला, चार पानी पत्र धाडतात. त्यात संताप असतो, दुःख असतं, पण तारीख-वेळ नसते. अशी तक्रार चौकशीत टिकत नाही, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण पुष्कळदा पुरावा रुग्णालयाच्याच कपाटात पडून असतो.

वैद्यकीय व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाच्या (रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपून ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा. नोंदी न देणं हेही नियमांनुसार गैरवर्तनच आहे.

नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. पूर्ण इनडोअर केस पेपर मागा: नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, टीपीआर चार्ट (ताप, नाडी आणि श्वास यांची नोंद), संमतीपत्र, शस्त्रक्रिया झाली असेल तर भूलतज्ज्ञांच्या नोंदी. त्यात नर्सिंग नोट्स सगळ्यात बोलक्या. समजा, रात्री २ वाजता ‘बीपी ८०/५०, डॉक्टरांना फोनवर कळवले’ अशी नोंद आहे आणि डॉक्टरांची पुढची नोंद थेट सकाळी ६.१५ ची. मधल्या सव्वाचार तासांत रुग्णाला येऊन कुणी तपासलं? फोनवर काय सूचना दिल्या? आयसीयूत का हलवलं नाही? तक्रारीचा कणा हे प्रश्न आहेत. ‘हलगर्जीपणा’ हा शब्द दहादा लिहून ते काम होत नाही.

रुग्ण दगावला एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. त्या शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केलं असतं ते झालं का, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये मान्य केली आहे.

परिषदेची कारवाई डॉक्टरवर होते, रुग्णालयावर नाही. म्हणून प्रत्येक डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक द्या. तो प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकाच्या परिषदा वेगळ्या आहेत.

पुढे डॉक्टरांचा लेखी खुलासा, मग सुनावणी. दोष सिद्ध झाल्यास ताकीद, ठरावीक काळासाठी निलंबन किंवा नोंदवहीतून नाव कमी. नियमात निकालाला ६ महिने आहेत, पण तेवढ्यात तो लागेलच असं धरून चालू नका.

भरपाई मात्र परिषद देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगात जावं लागतं आणि तिथली मुदत २ वर्षांची. परिषदेच्या निकालाची वाट बघत ती घालवू नका, दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू शकतात. शिवाय २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये परिषदेच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद फक्त डॉक्टरसाठी आहे, रुग्णाचा तिथे उल्लेखच नाही. हा उघड अन्याय आहे आणि कायद्यात दुरुस्ती व्हायलाच हवी. तोवर पहिल्याच तक्रारीत सगळे कागद जोडा.