कातळशिल्पांचे फोटो आणि साइडकारमधले घरचे रकाने

पाऊस सरून कोकणातल्या सड्यावरचं (जांभ्याच्या कातळाच्या पठारावरचं) गवत वाळेपर्यंत कातळशिल्पांकडे, म्हणजे कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्यांकडे, जाण्यात अर्थ नाही. तोवर गेल्या हंगामाच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइल्स) मार्गी लावतोय. कशेळीचा हत्ती, उक्षी, देवाचं गोठणं, गावागणिक कीवर्ड टाकून झाले. एक्सएमपीत, म्हणजे फोटोची माहिती नोंदवायच्या नव्या पद्धतीत, देवनागरी बिनतक्रार चालते; ही माहिती फोटोशेजारच्या वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवली की ती साइडकार. जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते, म्हणजे २१ चिन्हांत खेळ खलास!

पण घोडं अडलं होतं दुसरीकडेच. जांभ्यात कोरलेली खाच उठून दिसते ती तिरप्या उन्हात. भर दुपारी काढलेल्या फोटोत नुसता सपाट सडा. मग ऊन कुठल्या बाजूचं होतं, खाच साफ होती की मातीने बुजलेली, आकृतीचं डोकं कुठल्या दिशेला, हे लिहायचं कुठे? कॅप्शनमध्ये कोंबलं तर नंतर त्यावरून फोटो चाळता येत नाहीत.

एक्सएमपी अडोबीने २००१ मध्ये आणलं, २०१२ मध्ये ते आयएसओ मानक झालं, तरी रकान्यांची यादी खुलीच आहे. आपली नेमस्पेस (आपल्या रकान्यांच्या नावांचा वेगळा गट) ठरवायची: एक छोटा उपसर्ग आणि एक यूआरआय, म्हणजे वेबपत्त्यासारखी ओळख. तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडलाच पाहिजे असं नाही, दुसऱ्या कुणाशी जुळू नये एवढंच. एक्झिफटूल या फोटोतली माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये वरचे तिन्ही रकाने लिहिले आणि साइडकारमध्ये भरले. मग डार्कटेबल या रॉ फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये एक्सपोजर बदलून पाहिलं. साइडकार नव्याने लिहिली गेली, माझे रकाने जागच्या जागी. डार्कटेबलच्या पडद्यावर ते दिसत नाहीत, शोधायला एक्झिफटूलच लागतं, चालायचंच. मूळ रॉला कुठेच धक्का नाही, आणि गावच्या नेटवरून बॅकअपला बदललेल्या चार-दोन केबींच्या फाइलीच चढवायच्या, हे सुख वेगळंच.

लाइटरूम हा अडोबीचा तसाच प्रोग्राम वापरणाऱ्या मित्राबरोबर फोल्डर वाटून घेताना मात्र नावांचा घोळ होतो. लाइटरूम मूळ एक्स्टेन्शन काढून एक्सएमपी लावतं, डार्कटेबल ते ठेवून पुढे जोडतं, त्यामुळे एकाच फोटोला दोन साइडकार. मला डार्कटेबलची रीत पटते. एकाच नावाची रॉ आणि जेपेग शेजारी असली तरी गल्लत होत नाही.

आता उन्हाची बाजू हाताने न भरता फोटोची वेळ आणि जीपीएसवरून काढणारी पायथॉन स्क्रिप्ट लिहायला घेतली आहे. सूर्याची दिशा आणि उंची काढायला कुणी कुठली लायब्ररी वापरली असेल तर सांगा.