वरचा विस्तव

"अख्खी द्या. पीस नकोत. आणि स्किनसकट."

नौपाड्यातल्या आमच्या चिकनवाल्याचा सुरा ओंडक्यावर तसाच थबकला. बारा वर्षं मी त्याच्याकडून करी कट नेते आहे, क्वचित बिर्याणी कट. आपल्याकडे दुकानात कोंबडी साफ करतात म्हणजे पिसांसकट कातडीच ओढून काढतात, लहान मुलाच्या अंगातून स्वेटर काढावा तशी. कातडी ठेवायची तर कोंबडी आधी गरम पाण्यात बुडवायची आणि मग पिसं काढायची. गटारी चार दिवसांवर आलेली, माझ्यामागे रांग. रांगेतल्या एका काकांनी छत्रीतलं पाणी जरा जोरातच झटकलं.

"तंदुरी लावणार काय ताई?"

"नाही, रोस्ट."

"ओव्हन आहे?"

"नाही."

त्याने पुढे काही विचारलं नाही. जिवंत पावणेदोन किलोची कोंबडी साफ होऊन सव्वा किलोच्या आसपास भरली, ती पिशवीत घालून हातात दिली. पैसे घेताना मात्र "बघा बुवा" म्हणाला.

ओव्हन नाही हे खरंच होतं. दोन बर्नरची शेगडी, कुकर, आणि दूध गरम करण्यापलीकडे काही न येणारा मायक्रोवेव्ह, एवढाच आमचा संसार. लेकीला मात्र ताटाच्या मधोमध बसलेली, तंगड्या बांधलेली, बदामी रंगाची अख्खी कोंबडी हवी होती. वाढदिवस तिचा. आणि मी "त्यात काय एवढं" म्हणून बसले होते. हे तीन शब्द मी आयुष्यात फार वेळा वापरले आहेत.

रोस्टचं पहिलं कलम असं की कोंबडी कोरडी हवी. पाणी शंभर अंशांवर उकळतं, आणि कातडीवर पाणी आहे तोवर तिचं तापमान शंभराच्या फारसं वर जातच नाही. रंग धरायला साधारण एकशेचाळीसच्या पुढे जावं लागतं. या रंगामागची रासायनिक क्रिया लुई कामीय मेयार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. मेयारसाहेबांचं नाव माहीत नसलं तरी तो वास आपल्याला पाठ असतो: भाकरीवरचे डाग, वाटणासाठी भाजलेला कांदा. तर कोंबडी मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवायची, म्हणजे तिथल्या कोरड्या हवेत कातडी सुकते. आषाढात ठाण्यात बाहेर काही सुकायचा प्रश्नच नव्हता. चार दिवस दोरीवरचे मोजे ओले होते.

सासूबाईंनी रात्री दुधासाठी फ्रिज उघडला आणि तशाच उभ्या राहिल्या.

"शनिवारी?"

"आज खायची नाहीये, आई. आज नुसती वाळवायची आहे."

त्यांनी खरवसाचा डबा उचलून सगळ्यात वरच्या कप्प्यात नेला. "आषाढात वाळवण घालणारी सून मी पहिल्यांदाच पाहते आहे," एवढं बोलून त्या झोपायला गेल्या. सकाळी बहिणीकडे डोंबिवलीला जायचं होतं त्यांना. माझ्या पथ्यावरच पडलं.

आता भांडं. कुकरमध्ये कोंबडी उताणी मावेना. कढईवर घट्ट झाकण बसेना. शेवटी माळ्यावरून एक रुंद, उथळ, जाड बुडाचा टोप काढला. तो कशाचा, हे मी त्या क्षणी मनाला विचारलं नाही. तळाशी किलोभर खडेमीठ पसरलं, वर कुकरमधली भोकांची ताटली ठेवली आणि दहा मिनिटं टोप नुसता तापवला. कोंबडीच्या कातडीखाली बोट घालून लोणी, लसूण आणि मिरी सारली. हे काम भलतंच जवळिकीचं आहे, याची कल्पना कुणी देत नाही. पोटात अर्धं लिंबू घातलं, तंगड्या मिठाईच्या पुड्याच्या दोऱ्याने बांधल्या. झाकण ठेवलं आणि हात धुऊन विजयी मुद्रेने चहा टाकला.

अर्ध्या तासाने झाकण उचललं. आत कोंबडी घामाघूम होऊन पडली होती. रंग बघाल तर मुंबईच्या लोकलमध्ये दुपारी उभ्याने झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा. झाकणाच्या पोटावर वाफेचे थेंब लोंबत होते आणि टप् टप् तिच्या छातीवर पडत होते. रात्रभर वाळवलेलं सगळं पाण्यात. ही कोंबडी भाजली जात नव्हती, ती मोदकासारखी उकडली जात होती.

ओट्याला टेकून मी विचार करत राहिले. आपण भाजत नाही असं थोडंच आहे? वांगं भाजतो, पापड भाजतो, सुके बोंबील, कणीस, भाकरी भाजतो. पण विस्तव नेहमी खाली, आणि वस्तू अशी की चिमट्याने किंवा बोटांनी फिरवता येते. वांग्याहून मोठं या शेगडीवर कधी काही भाजलेलं मला आठवेना. खाडीपलीकडे रायगडात थंडीत पोपटी लावतात, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. पण तिसऱ्या मजल्यावर भोवती जाळ केला तर सोसायटीची सभा त्याच रात्री भरेल.

आणि मग आठवलं निनावं. आम्ही सीकेपी. श्रावणात आमच्याकडे नारळाचं दूध, गूळ आणि पिठांचं निनावं होतं, आणि ते करताना माझी आजी टोपाच्या झाकणावर निखारे रचायची. "वर-खाली विस्तव" हे तिचे शब्द. खालचा शिजवतो, वरचा रंग देतो, म्हणायची. शेगडी गॅसची झाली तेव्हा आमच्या घरांतून हा वरचा विस्तव गेला. निखारेच नाहीत, तर ठेवणार काय?

माझ्याकडे भाकरीचा लोखंडी तवा होता आणि घावणांचा बिडाचा. एक दुसऱ्या बर्नरवर लाल व्हायच्या बेतापर्यंत तापवायचा, चिमट्याने उचलून झाकणावर ठेवायचा, तोवर दुसरा तापायला लावायचा. दहा दहा मिनिटांनी बदली. वाफ निघून जायला झाकणाच्या कडेखाली उलथन्याची दांडी सारली. गंमत म्हणजे झाकणच तापल्यावर त्याच्यावर थेंब धरेनात, टपटप थांबली. वीस मिनिटांत वास बदलला. उकडल्याचा जाऊन भाजल्याचा आला. नवरा हॉलमधून उठून आला, तो काही न विचारताच. पाठोपाठ चरबी मिठावर पडून धूरही आला आणि शेजारच्या काकूंनी बेल वाजवली, "सगळं ठीक आहे ना गं?" मी दारातच उभी राहून हो म्हटलं. हातात चिमटा होता.

शिजली की नाही हे कळायला आतलं मांस ७४ अंशांवर पोचावं लागतं. घरात थर्मामीटर एकच, तापाचा, आणि तो ४२ ला संपतो. जिवंत कोंबडीच्या अंगाचीच गरमी ४१ च्या आसपास असते. म्हणजे त्याने फार तर कोंबडी जिवंत आहे का, एवढं तपासता आलं असतं. मी मांडीच्या सांध्यात सुरी खुपसली. पाणी स्वच्छ आलं, गुलाबी नाही. तंगडी हलवली तर सहज फिरली.

छाती छान बदामी झाली होती, भाकरीसारखे दोन-तीन गडद डाग धरून. बाजू फिकट, पाठ खारट आणि एका ठिकाणी ठार करपलेली. लेकीने फोटो वरून काढला. नवऱ्याने पहिला घास खाऊन "मस्त" म्हटलं आणि दुसऱ्या घासाला "रस्सा वगैरे काही...?" असं विचारलं.

सासूबाई संध्याकाळी परतल्या तेव्हा मी मोरीत बसून टोपाच्या तळाचं काळं मीठ खरवडत होते. त्यांनी चपला काढल्या, टोपाकडे पाहिलं.

"हा निनाव्याचा टोप."

"हो."

"श्रावण बसतोय पुढच्या आठवड्यात."

"हो, आई. चिंच लावून लख्ख करते."

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग ओट्यावर एकावर एक ठेवलेले दोन तवे दिसले. त्यांनी वरचा उचलून उलटा करून पाहिला.

"हे झाकणावर ठेवलेस?"

"आलटून पालटून."

"किती वेळ?"

मी सांगितलं. त्यांनी पदराने कपाळ पुसलं, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "गेली वीस वर्षं माझं निनावं वरून पांढरं राहतंय. परत सांग, तवा किती लाल करायचा?"