यील्ड स्ट्रेंथ: शून्य

कार्बन तंतू आणि इपॉक्सीच्या पट्ट्यांमधला बोल्टचा सांधा किती भाराला आणि कसा निकामी होईल, हे संगणकावर आधी वर्तवायचे आणि मग चाचणीने पडताळायचे, असा माझ्या एम.टेक.च्या प्रबंधाचा विषय होता. अबॅकस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधले मॉडेल महिन्याभरात उभे राहिले. अडलो ते मुंबईतल्याच एका चाचणी प्रयोगशाळेच्या खिडकीशी.

तिथला अर्ज पोलादासाठी बेतलेला. ‘यील्ड स्ट्रेंथ’चा, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा आकार बदलू लागतो त्याचा, रकाना रिकामा ठेवला म्हणून तो एकदा परत आला, आणि हा पदार्थ धातूसारखा यील्ड होत नाही असे लिहिले म्हणून दुसऱ्यांदा. “अहो सर, काहीतरी आकडा टाका ना, त्याशिवाय नोंदच होत नाही,” असे खिडकीतल्या गृहस्थांनी सौजन्याने सांगितले. जुलैच्या पावसात पट्ट्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिसऱ्यांदा गेलो आणि शून्य लिहिले. अर्ज तत्काळ स्वीकारला गेला!

तीन आठवड्यांनी एका पानाचा अहवाल मिळाला. त्यात ते शून्य छापलेले होते आणि प्रत्येक पट्टीपुढे केवळ कमाल भार होता. ६ मिमीचा बोल्ट, ३ मिमी जाडी आणि ९ किलोन्यूटन, म्हणजे ५०० मेगापास्कल बेअरिंग ताण (बोल्ट भोकाच्या कडेवर जो दाब देतो तो), एवढेच त्यातून निघत होते. परंतु भोकाच्या कडेचे तंतू चिरडू लागतात आणि थर सुटू लागतात तेव्हा आलेखात पहिला झटका दिसतो, व सांधा त्यानंतरही भार घेत राहतो. मला तो झटका हवा होता. अशा सांध्यांच्या चाचणीचे मानक असलेल्या एएसटीएम डी५९६१ मधली २ टक्के ऑफसेटची ताकदही (आलेख सुरुवातीच्या सरळ रेषेपासून तेवढा ढळतो तिथला ताण) आलेखाशिवाय काढता येत नाही. मूळ नोंदी मागितल्यावर “अर्जात मागितल्या नव्हत्या” असे उत्तर आले. त्यासाठी रकानाच नव्हता, हे मी त्यांना दाखवूनही दिले. शेवटी नव्या पट्ट्यांसाठी पुन्हा पैसे भरले आणि समासात लाल शाईने ‘भार-विस्थापनाच्या सर्व नोंदी द्याव्यात’ असे लिहिले.

तिथेच बोल्ट हाताने घट्ट करायचा की ठरावीक टॉर्कने, हेही लिहावे, कारण पान्याने आवळलेला बोल्ट थरांना दाबून धरतो आणि ताकद वाढलेली दिसते.

आलेखातला पहिला झटका माझ्या मॉडेलपेक्षा बराच आधी आला. मॉडेलमध्ये बिघाड ठरवायला वापरलेला हशिनचा निकष तंतू आणि मॅट्रिक्स (तंतूंना धरून ठेवणारे इपॉक्सी) यांचे ताणातले व दाबातले बिघाड पाहतो, थर सुटणे पाहत नाही. त्यासाठी मॉडेलमधल्या थरांमध्ये कोहेसिव्ह एलिमेंट, म्हणजे ठरावीक भाराला सुटणारा चिकट दुवा, घालावे लागले. आणि हो, भोक पाडताना पट्टीखाली प्लायवूडचा तुकडा घट्ट धरावा, नाहीतर ड्रिल बाहेर पडते त्या बाजूचे थर चाचणीआधीच सुटलेले असतात. माझ्या पहिल्या दोन पट्ट्या अशाच वाया गेल्या.