स्टॅबिलायझर ऑन आहे, तरी विमान हललेलंच का येतं?

लांब लेन्स आहे, स्टॅबिलायझरचं बटण ऑन आहे, तरी जेटचा फोटो हललेला येतो आणि मग सगळे लेन्सलाच नावं ठेवतात. अहो, स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतो, विमान नाही. विमान फ्रेममध्ये एका जागी धरून ठेवायचं काम पॅनिंगचं, म्हणजे विमानाबरोबर त्याच वेगाने कॅमेरा फिरवत राहण्याचं, आणि पॅनिंग होतं कमरेतून.

हिशोबच करू ना. जेट ताशी ९०० किमीने, म्हणजे सेकंदाला २५० मीटर, तुमच्यापासून ५०० मीटरवरून आडवं जातंय. अगदी समोर आलं की ते सेकंदाला जवळजवळ २९ अंश सरकतं, आणि फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० एमएम लेन्सची अख्खी आडवी फ्रेमच असते साडेतीन अंशांची! कॅमेरा हलवलाच नाही तर १/१००० सेकंदाच्या शटर स्पीडला सुद्धा २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर विमान ५० पिक्सेल घसरतं. पॅनिंगचा स्पीड नव्वद टक्के जुळला तरी ५ पिक्सेल उरतातच, आणि ते कुठलाच स्टॅबिलायझर पुसून देत नाही.

म्हणून आधी उभं राहणं. पाय जिथे फोटो घ्यायचाय त्या दिशेला रोवायचे आणि मग कमरेतून वळून येणाऱ्या विमानाकडे बघायचं, म्हणजे विमान समोर येईपर्यंत अंगाचा पीळ सुटत जातो आणि हालचाल आपोआप सलग होते. उलटं केलं तर नेमक्या क्षणी शरीर अडतं. डावा हात लेन्सखाली जितका पुढे जाईल तितका, लेन्सच्या कॉलरचा (ट्रायपॉडला लावायच्या कड्याचा) पाय फिरवून वर करायचा म्हणजे तळव्यात टोचत नाही, कोपरं बरगड्यांना टेकवायची. आणि शटर दाबलं की थांबायचं नाही, बर्स्ट (सलग फोटोंची फैर) संपल्यावरही लेन्स फिरतच राहिली पाहिजे.

आता स्टॅबिलायझरचा मोड. साध्या मोडमध्ये, जुन्या लेन्सवर तर फारच, पॅनिंग सुरू केलं की स्टॅबिलायझरला वाटतं हात हलला, तो चित्र मागे खेचतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये विमान चिकटल्यासारखं होऊन मग एकदम उडी मारतं. कॅनन, सोनीवर मोड २ लावा, तो आडव्या पॅनला हात लावत नाही, फक्त वरखाली होणारी थरथर काढतो. निकॉनवर स्पोर्ट मोड. लूप मारणारं, तिरकं चढणारं विमान असेल आणि कॅननच्या लेन्सवर मोड ३ असेल तर तो बरा, तो फक्त एक्स्पोजरच्या वेळी करेक्शन करतो. १/२००० ला स्टॅबिलायझर बंदच करा असं बरेच जण म्हणतात, फोटोत फरक पडत नाही हे खरंय, पण मी तरी ऑन ठेवतो, कारण व्ह्यूफाइंडर स्थिर असला की फोकस पॉइंट कॉकपिटवर ठेवता येतो.

कॅमेऱ्याच्या बॉडीतल्या, म्हणजे सेन्सरच हलवणाऱ्या स्टॅबिलायझरवर फार विसंबू नका. ६०० एमएमवर अर्ध्या अंशाचा हादरा भरून काढायला सेन्सरला ५ मिलिमीटरहून जास्त सरकावं लागेल, एवढी जागा आत असते कुठे? इथे लेन्समधलाच कामाचा.

खरी परीक्षा प्रोपेलरच्या विमानांची. १/२००० ला पाती गोठतात आणि इंजिन बंद पडलेलं विमान आकाशात टांगल्यासारखं दिसतं. १/२५० किंवा त्याखाली जावंच लागतं, हेलिकॉप्टरला १/१२५ च्याही खाली, आणि तिथे मोड २ शिवाय माझं तरी पान हलत नाही. बरेच फोटो डिलीट होणार हे धरूनच चालायचं.

ट्रायपॉडवर गिंबल हेड (जड लेन्स सगळीकडे मोकळी फिरू देणारं हेड) छान, लेन्स नीट बॅलन्स केली की सोडली तरी जागेवर राहते. धावपट्टीवरच्या टेकऑफला मस्त, पण विमान डोक्यावर आलं की तुम्हीच लेन्सखाली गुडघ्यावर. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) मला तरी वाट बघताना लेन्स टेकवायलाच बरा वाटतो.

आणि एक, विमान अगदी समोर यायची वाट बघू नका. ४५ अंशांवर असताना त्याचा कोनीय वेग समोरच्या निम्माच असतो, म्हणजे पॅन सोपा, शिवाय नाक आणि पंख दोन्ही दिसतात. स्लो शटरला मात्र या अँगलवर नाक शार्प आणि शेपूट पुसट असं होतं, कारण दोन्ही टोकं लेन्सला वेगवेगळ्या स्पीडने सरकताना दिसतात. ते चालवून घ्या, कॉकपिट शार्प असलं की पुष्कळ झालं.