खिडकीत छापलेला ड्रायव्हर

खेळण्याचं चित्र काढणं दिसतं तितकं सोपं नाही. लाकडी घोडा काढायला बसलं की हात आपोआप खऱ्या घोड्याकडे वळतो, पायांना गुडघे फुटतात, मानेवर आयाळ येते आणि खेळणं बिचारं राहतं बाजूला. मी पोटापाण्यासाठी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, त्यामुळे ही कटकट रोजचीच, आणि फारच अडलं की मी जुन्या जपानी खेळण्यांचे फोटो नि स्कॅन उघडून बसते. कामाच्या नावाखाली दुपार कशी जाते कळत नाही.

त्यातला माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे शिमिझु सेइफू. जन्म १८५१ चा, टोकियोतल्या कांदा भागातला, घरचा धंदा मालवाहतुकीचा. १८८० मध्ये काही हौशी मंडळींनी एक मेळा भरवला, मोठ्यांनी पुन्हा पोरांसारखं व्हायचं असा बेत, तिथे गावोगावची खेळणी बघून हा गडी जो नादावला तो कायमचाच, पुढे खेळणी जमवत आणि त्यांची चित्रं काढत राहिला. 'उनाइ नो तोमो' हे त्याचं पुस्तक, पहिला भाग १८९१ चा, लाकडी ठशांनी रंगीत छापलेला, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. सगळे मिळून १० भाग निघाले, पण १९१३ मध्ये सेइफू गेला तोवर ६ झाले होते, उरलेले निशिझावा तेकिहोनं १९२४ पर्यंत पुरे केले.

या चित्रांत मागे ना डोंगर ना झाड. कोरा कागद, त्यावर खेळणं आणि ते कुठल्या गावचं एवढी नोंद. कागदाच्या लगद्याचा कुत्रा घ्या, इनु हारिको म्हणतात त्याला, कुत्रीचं बाळंतपण सोपं होतं म्हणून तो बाळंतिणीच्या नि बाळाच्या रक्षणासाठी द्यायचे. अंग कुत्र्याचं, तोंड जवळजवळ माणसाचं, डोळे टक्क. खेळणी रंगवणारा दिवसाला ढीगभर नग रंगवतो, त्याला भुवई काढायला दुसऱ्यांदा ब्रश लावायला फुरसत नसते, एक फटकारा, बास, पुढचा घ्या. सेइफूनं तो फटकारा तसाच ठेवलाय, सुधारलेला नाही! मी असते तर दोन्ही भुवया सारख्या केल्या असत्या, आणि तिथेच खेळणं मेलं असतं.

जपानच्या जुन्या खेळण्यांत लाल रंग फार, कारण लाल रंगाला देवीचा रोग घाबरतो अशी समजूत होती. आइझूची लाल गाय, आकाबेको, तिच्या अंगावरचे काळे ठिपके म्हणजे देवीचे व्रण असंही सांगतात. इतकं भयंकर कारण, आणि ही बया आपली दोऱ्यावर टांगलेली मान हलवत सगळ्याला हो हो म्हणतेय.

सेइफूच्या बरोब्बर उलट टोकाला कोमात्सुझाकी शिगेरू (१९१५ ते २००१). प्लॅस्टिक मॉडेलच्या खोक्यांवरची चित्रं काढणारा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या पँथर रणगाड्याचं खोकं त्यानं रंगवलं, आणि त्याच्या खोक्यांवर काय नसायचं, ज्वाळा, धूर, आभाळ पेटलेलं. उघडलं की आत प्लॅस्टिकचे तुकडे, डिंकाची ट्यूब मिळाली तर नशीब. कोणी याला फसवणूक म्हणेल, मी नाही म्हणणार. सेइफूनं खेळणं जसं आहे तसं काढलं, यानं ते पोराच्या डोक्यात जसं असतं तसं काढलं, दोन्ही खरंच. १९९५ मध्ये त्याच्या घराला आग लागली आणि कितीतरी मूळ चित्रं जळाली, हे वाचून मात्र पोटात कालवलं.

पण या दोघांपेक्षा हल्ली मला जास्त छळतात ती पत्र्याची खेळणी. युद्ध संपलं त्याच वर्षी, डिसेंबर १९४५ मध्ये, ओत्सुच्या कोसुगे मात्सुझोनं अमेरिकन सैन्यानं टाकलेल्या डब्यांच्या पत्र्यातून छोटी जीप बनवली, क्योटोच्या दुकानात १० येनला विकली. ज्यांनी हरवलं त्यांचेच डबे आणि त्यांचीच जीप. पुढे हा धंदा केवढा वाढला, आणि माल मुख्यतः अमेरिकेला जायचा.

माझ्याकडे चोरबाजारातून आणलेली एक पत्र्याची बस आहे, चाक एक गायब, तळाशी 'जपान' छापलेलं. खिडक्या नाहीतच तिला. म्हणजे आहेत, पण छापलेल्या, आणि त्यात माणसंही छापलेली, सोनेरी केसांच्या बायका, हॅटवाले बाप्ये, टाय लावलेला ड्रायव्हर. एका बाईची लिपस्टिक छपाईत सरकून थेट गालावर गेलीय, तरी ती प्रसन्न. इथे चित्र खेळण्याचं नाही, चित्र हेच खेळणं. पत्रा आधी सपाट असताना छापतात, मग साच्यात दाबतात, कडेच्या जिभल्या खाचांत घालून वळवतात. म्हणजे काढणाऱ्याला आधीच कळायला हवं की हा गाल पुढे वळणावर जाणार, हा डोळा ताणला जाणार, म्हणून कागदावर तो मुद्दाम वेडावाकडा काढायचा. कोण होता तो, सही नाही, नाव नाही, खेळण्यावर फार तर कंपनीची खूण.

सध्या मी एका पुस्तकासाठी कापून चिकटवायची कागदी बस करतेय, पुढून गोल नाकाची. परवा संपादकांचा फोन, मॅडम, बस छान आहे, पण ड्रायव्हर फारच जाडा झालाय, जरा बारीक करता का. म्हटलं, आधी कापा, गोल करून चिकटवा, आणि मग सांगा. अजून फोन आलेला नाही.