मला बाबा एकच आहेत हो!

"तुम्हाला वडील किती?" काल संध्याकाळच्या जर्मन वर्गात बाईंनी मला अगदी गंभीरपणे विचारलं.

बाबा पुढच्या महिन्यात श्टुटगार्टला येताहेत, म्हणून मी हौसेने लिहिलं होतं, 'माइन फाटर कोमेन', म्हणजे माझे बाबा येताहेत. हवं होतं 'कोम्ट'. 'कोमेन' अनेकवचनी! सगळा वर्ग हसला.

नियम मला तोंडपाठ आहे. क्रियापदाच्या शेवटचा 'एन' कापायचा. मग इशला (मी) ए, डूला (तू) स्ट, एरला (तो) ट, वीरला (आम्ही) एन, ईरला (तुम्ही) ट, झीला (ते) पुन्हा एन. 'फारेन'सारखी (गाडीने जाणे) काही क्रियापदं डू आणि एरपुरता स्वर बदलतात: डू फेर्स्ट, एर फेर्ट. 'आरबाइटेन'मध्ये (काम करणे) ट आणि स्टची टक्कर होऊ नये म्हणून मध्ये ए घुसतो, डू आरबाइटेस्ट. मार्कांसाठी संस्कृत घेऊन अस्ति-सन्ति घोकलेल्यांना 'इस्ट' आणि 'झिंट' तर घरचेच वाटतील. आहेतच ते दूरचे भाऊबंद. आणि आपल्यासारखं जातो-जाते नाही, बाईमाणूस असो की पुरुष, 'इश गेहे'. म्हणजे खरं तर आपलंच व्याकरण जास्त अवघड.

पण 'फाटर कोम्ट' म्हणजे चक्क 'बाप येतो'! हात धजावतच नाही. बरं, यांना आदर माहीत नाही असंही नाही. शेजारच्या आजींना, पोस्टमनला, बाईंना समोरासमोर 'झी', म्हणजे आदराचं 'तुम्ही', क्रियापद अनेकवचनी. माणूस खोलीबाहेर गेला की मात्र लगेच 'एर कोम्ट'. तोंडावर आदर, पाठीमागे एकेरी! आपल्याकडे पाठीमागेही 'साहेब आले'च. (चहाच्या टपरीवर साहेबांचाही 'तो' होतो, ते सोडा.)

रागारागात घरी येऊन जुनी वही काढली. आजोबा, सासरे, सासूबाई, शाळेतले सर, सगळे अनेकवचनी आणि सगळ्यांखाली लाल रेघ. आता सुधारायचं म्हटलं तरी सासूबाईंना 'कोम्ट' लिहिताना पदर सारखा करावासा वाटतो, आणि मी होते जीन्समध्ये.

'मुटर' मात्र एकदाही चुकलेली नव्हती. माइने मुटर कोख्ट. माइने मुटर आरबाइटेट. माइने मुटर श्लेफ्ट, तोही स्वर बरोबर बदललेला. आई स्वयंपाक करते, काम करते, झोपते. पानभर बरोबरच्या खुणा.

आईला आपण एकेरी म्हणतो ते प्रेमाने, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने काही विचारलं नव्हतं.